यंदा कॅमेरा आहे

"रुपाली, यंदा आपल्यालाबी कॅमेरा हाय!"

कारभारीदादा ओरडतच मेकअपरूममध्ये शिरले. रुपालीच्या हातातल्या गरम रॉडवर मालिकेच्या नायिकेची, सानिकाची, बट गुंडाळलेली होती. ती सोडायची असते हे रुपाली विसरली. केस करपल्याचा वास आला तेव्हा सानिकानंच मान ओढून घेतली.

"ताई, जळतायत ना!"

"चुकलं, चुकलं." रुपालीनं रॉड बाजूला ठेवला. "दादा, काय म्हणालात?"

"आगं, फोन आलाय मुंबईहून. आपल्या दोघांचं नामांकन झालंय हे तर तुला ठाऊकच हाय. पर यंदा पंचवीस वर्षं झाली त्या सोहळ्याला. म्हनून पडद्यामागच्या मानसांनाबी रात्रीच्या मोठ्या स्टेजवर बलवनारेत. लाइव! साऱ्या देशात दिसनार." दादांचे डोळे ओलावले होते. "माझी बायको बघंल बाई आता मला."

सानिकानं टाळ्या वाजवल्या. रुपाली हसली, निदान आरशात तरी तसं दिसलं. मग ती पिना शोधायच्या निमित्तानं खाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

नगरबाहेर पाथर्डी रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर या मराठी मालिकेचं चित्रीकरण दोन वर्षांपासून चालू होतं. रंगभूषा कारभारीदादांची. मूळचे नगरचेच, पण उभं आयुष्य मुंबईत स्टुडिओत गेलेलं. केशभूषा रुपालीची. भिंगारच्या बाजारपेठेत तिचं लहानसं पार्लर होतं. मुंबईहून आलेली बाई आजारी पडली म्हणून चार दिवसांसाठी तिला बोलावलं, आणि ती इथलीच झाली.

'अखिल भारतीय दूरचित्रवाणी सन्मान' हा दादांचा जिव्हाळ्याचा विषय. चित्रीकरण थांबलं की ते त्याच्या गोष्टी सांगत. पहिल्या वर्षी एकच कॅमेरा होता आणि निवेदकाच्या कोटाला इस्त्री दादांनीच केली होती. तेव्हा नटनट्या, लाइटवाले, शिंपी सगळे एकाच रांगेत बसायचे आणि एकाच स्टेजवर चढायचे. मग खाजगी वाहिन्या वाढल्या, जाहिरातदार आले, नाचगाणी आली. कार्यक्रम लांबायला लागला तसं कुणाला तरी कापणं भाग होतं. पडद्यामागच्यांचे पुरस्कार आधी मध्यंतरात गेले, मग पार आदल्या दिवशीच्या दुपारी.

"जेवनाच्या आधी उरकत्यात," दादा म्हणायचे. "टाळ्या वाजवायला आपलीच मानसं. मी दोनदा जिकलो. दोन्ही बाऱ्या बायको आख्खा कार्यक्रम संपस्तोवर टीव्हीसमोर बसली. मी काय दिसलोच न्हाई."

या गोष्टी ऐकूनच रुपालीनं नामांकनाला होकार दिला होता. दुपारचा पुरस्कार, कॅमेरा नाही. तिला तेवढंच हवं होतं.

वीस-बावीस वर्षांत तिनं स्वतःचा फोटो काढू दिला नव्हता. पार्लरमधल्या नव्या नवऱ्या हौसेनं मोबाईल वर करायच्या, तेव्हा ती टॉवेल झटकायला आत जायची. मुलाच्या शाळेच्या संमेलनात खांबामागं उभी राहायची. ऊन असो नसो, बाहेर पडताना तोंडाला स्कार्फ. जामखेडच्या रस्त्याला ती कधी जात नसे. सिव्हिल हॉस्पिटललाही नाही, कारण जामखेडकडचे पेशंट तिथंच येतात. बाळंतपणसुद्धा तिनं पुण्याला केलं होतं.

जामखेड तालुक्यात, खर्ड्यापासून आत, एका वाडीवर आप्पासाहेबांची पंचवीस एकर जमीन होती. रुपाली त्यांची धाकटी लेक, जामखेडला कॉलेजात जाणारी. महेंद्र भिंगारदिवे वाडीत विजेच्या लाइनच्या कामाला आला होता, बौद्ध कुटुंबातला. दोघांनी पुण्याला जाऊन लग्न केलं. तीन महिन्यांनी श्रीगोंद्यातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीवर तिचा थोरला भाऊ अंगद दोन माणसं घेऊन आला. रुपाली तेव्हा शेजारच्या घरात पीठ चाळत होती. शेजारणीनं तिला धान्याच्या कोठीमागं ढकललं आणि दार लावलं. तिथून तिनं सगळं ऐकलं. लोखंडी गजाचा आवाज, महेंद्रचा आवाज, आणि शेवटी अंगदचा, साऱ्या आळीला ऐकू जाईल असा.

"आज न्हाई घावली तर कवातरी घावंल! जितं दिसंल तितं खांडोळी करीन तिची!"

महेंद्र वाचला. त्याचा डावा हात कोपरातून पुन्हा सरळ झाला नाही. त्यांनी तक्रार केली नाही, पळाले. पुढं महेंद्रला भिंगारला लष्करी वसाहतीच्या देखभालीत नोकरी लागली आणि ते परत जिल्ह्यात आले. वाडी तिथून दोन-अडीच तासांवर. मुलगा अमृत आता पुण्यात कॉलेजात होता. आईला माहेर का नाही, हे त्यानं कधीतरी विचारलं होतं. "नाही," एवढंच तिनं सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी महेंद्र ऐकत राहिला. मग उठून त्यानं दाराची कडी बघितली, जी लावलेलीच होती.

"दादांना सांग, तब्येत बरी नाही म्हनून."

"दोघांचं मिळून नामांकन आहे, अहो. मी नाही गेले तर त्यांना एकट्यानं उभं राहावं लागेल. किती वर्षं वाट बघितली त्यांनी. कारण विचारलं तर काय सांगू?"

महेंद्रनं वाकडा हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं चोळत बसला. थंडीत तो दुखत असे. आज थंडी नव्हती.

"मी काय सांगू? तू गेलीस तर मला झोप न्हाई लागायची. आन् न्हाई गेलीस तर तुला." मग कडीकडं बघत तो म्हणाला, "पाच जनं असत्यात नामांकनात. मिळंलच असं कुठं हाय?"

तिनं ठरवलं, जायचं. पुरस्कार मिळाला तर दादा जातील, आपण खुर्चीतून उठायचं नाही.

मुंबईतलं ते सभागृह एवढं मोठं होतं की छत अंधारात हरवलं होतं. डोक्यावरून एक लांबलचक क्रेन फिरत होती आणि तिच्या टोकाला कॅमेरा. तो जवळ आला की रुपाली पदर सावरायच्या मिषानं मान खाली घालायची. पंचवीस वर्षांचा प्रवास म्हणून जुनी चित्रं मोठ्या पडद्यावर दाखवत होते. पहिल्या वर्षीचं लहानसं स्टेज, कागदी फुलांचे हार, कोट घातलेला निवेदक.

"त्यो बघ, त्यो कोट!" दादा तिच्या कानाशी कुजबुजले. त्यांनी नवा सफारी शिवला होता आणि त्यांना घाम फुटला होता. रुपालीलाही फुटला होता. दोघांच्या घामाचं कारण एकच आहे असं दादांना वाटत होतं.

रंगभूषा आणि केशभूषेची पाच नावं पुकारली. आपलं नको, दुसऱ्या कुणाचं येऊ दे, असं ती मनात घोकत होती. पाकीट फुटलं आणि मालिकेचं नाव आलं.

"दादा, तुम्ही जा. माझा पाय—"

दादांना काही ऐकूच आलं नाही. त्यांनी तिचा हात धरला आणि बाप लेकीला ओढतो तसं ओढत नेलं. पायऱ्या, उजेड, टाळ्या. निवेदिकेनं माइक पुढं केला. दादा आपल्याबद्दल काही बोललेच नाहीत. त्यांनी रुपालीला पुढं केलं.

"मी म्हातारा झालो, माझं जाऊ द्या. ही पोरगी बघा. रुपाली भिंगारदिवे. आमच्या नगरजवळ भिंगारला बाजारात हिचं पार्लर हाय. मागं एकदा बोलता बोलता म्हनली, मूळची खर्ड्याकडची लेक हाय. तिकडच्या लोकांनी बघावं, आपली लेक कुठं पोचली!"

पुन्हा टाळ्या पडल्या. समोरच्या मोठ्या पडद्यावर रुपालीला स्वतःचा चेहरा दिसला, घराएवढा. तिनं हात जोडले. निवेदिकेनं माइक पुढं केला तशी तिनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, गहिवरली.

सोमवारी ती भिंगारला परतली तेव्हा पार्लरसमोर गर्दी होती. पेढे, हार, शेजारणी. आणि नाक्यावर मंडळाच्या पोरांनी फ्लेक्स लावला होता. 'भिंगारची शान'. टीव्हीवरून काढलेला तोच चेहरा, शेजारी पार्लरचा पत्ता. महेंद्रनं पोरांना हात जोडून सांगितलं, उतरवा. पोरं म्हणाली, "काका, लाजताय काय?" आणि आणखी एक लावला, बसथांब्याजवळ.

चित्रीकरणाला आठवडाभर सुट्टी होती, ती पार्लरमध्येच असायची. मंगळवार गेला, बुधवार गेला. अनोळखी नंबरवरून फोन यायचे, ती उचलायची नाही. रस्त्यावर गाडी थांबली की गिऱ्हाइकाच्या केसातली तिची बोटं थांबायची. महेंद्र दुपारच्या सुट्टीत सायकल मारत येऊन दारातून बघून जायचा. दोघंही एकमेकांना 'काही झालं का' असं विचारत नव्हते.

शुक्रवारी सकाळी तिनं शटर वर केलं तेव्हा पायरीवर एक मुलगी बसली होती. पाठीला सॅक, तोंडाला स्कार्फ. रुपालीनं तो बांधायची पद्धत ओळखली. ती स्वतः तसाच बांधायची.

"आज अपॉइंटमेंट नाही गं," ती म्हणाली.

मुलीनं स्कार्फ सोडला. अंगदचं नाक, अंगदची हनुवटी. रुपालीनं शटरची कडा घट्ट पकडली.

"आत्या," मुलगी म्हणाली. "मी अश्विनी."

तिला आत घेऊन रुपालीनं पहिलं काम केलं ते शटर अर्धं ओढायचं. मग पाणीबिणी काही न देता ती तुटक आवाजात म्हणाली, "कुणाला सांगून आलीस?"

"कुनालाच न्हाई. पहाटंच्या गाडीनं आले." अश्विनी एकोणीस वर्षांची होती. घाबरली होती, पण भराभर बोलत होती. "मला म्हाईतच नव्हतं आत्या हाय म्हनून. त्या दिवशी टीव्हीवर तुमी दिसल्या आन् आजी उठून टीव्हीपशी गेली. काचंवर हात ठिवला. 'रुपे' म्हनली. आन्नांनी, माझ्या वडलांनी, येऊन टीव्ही बंद केला. कुनी जेवलंच न्हाई. दुसऱ्या दिवशी आजीनं मला गोठ्यात नेऊन समदं सांगितलं."

"मग? इथं का आलीस?"

"माझी सुपारी फोडलीय. पुढच्या महिन्यात लगीन. मला नर्सिंगला जायचंय, नंबर लागलाय माझा. पोरगं-बिरगं काय न्हाई आत्या, खरंच. नुसतं शिकायचंय. आन्ना म्हनले, एक शिकाय गेली तिनं काय दिवं लावलं ते बघितलं आमी."

रुपालीला राग आला. या पोरीचा, दादांचा, त्या फ्लेक्सचा. वीस वर्षं जपून ठेवलेला जीव या मुलीनं एका सकाळी आणून उंबऱ्यावर मांडला होता. अंगद येणार. आता तर तो यायलाच हवा, त्याची लेक इथं आहे.

"साडेदहाची गाडी आहे जामखेडला," ती म्हणाली. "मी बसवून देते."

अश्विनीनं सॅक उचलली. रडली नाही. "तुमी म्हनता तर गाडीत बसंन. पर घरी न्हाई जानार मी."

"मग कुठं जाशील?"

अश्विनी खाली फरशीकडं बघत राहिली. रुपालीला एकाएकी त्या कोठीमागचा पिठाचा वास आला. त्या शेजारणीनं तेव्हा काही विचारलं नव्हतं. कोण आलंय, हेसुद्धा नाही.

रुपालीनं महेंद्रला फोन लावला. मग अश्विनीला घेऊन ती चालतच पोलीस ठाण्यात गेली. तोंडाला स्कार्फ न बांधता ती पहिल्यांदाच बाजारातून चालली, कारण घाईत तो पार्लरमध्येच राहिला होता. ठाण्यातली महिला हवालदार तिला बघून उठून उभी राहिली. "टीव्हीवरच्या ताई ना तुम्ही? बसा." अश्विनीनं जबाब दिला, मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीनं आत्याकडं राहते. हवालदार बाईंनी आपला नंबर रुपालीच्या मोबाईलमध्ये स्वतः टाकून दिला.

अंगद दुपारी आला.

लष्करातल्या एका सुभेदाराची बायको खुर्चीत होती, डोक्याला मेंदी लावलेली. बाहेर पिकअप थांबली. रुपालीनं वळून बघितलं नाही. आरशात दार दिसत होतं. दारात एक वाळलेला, पिकल्या मिशांचा माणूस उभा राहिला. तिच्या मनातला अंगद तिशीतला होता, रुंद छातीचा. हा माणूस तो आहे हे कळायला तिला क्षण लागला.

"पोरगी बाहेर काढ," तो म्हणाला.

रुपालीनं खुर्चीची पाठ धरली. "ती एकोनीसची हाय, आन्ना," ती म्हणाली, आणि तिलाच नवल वाटलं. वीस वर्षांत न बोललेली वाडीची बोली तोंडात आपोआप आली होती. "पोलिसात जबाब दिलाय तिनं. तू तिला हात लावायचा न्हाई. मलाबी न्हाई."

"मला शिकवतीस?" तो पायरी चढला. सुभेदाराची बायको मेंदीच्या डोक्यानिशी उठून उभी राहिली. ती बिहारकडची होती, तिला यातलं अक्षर कळलं नव्हतं. पण ती उठली आणि रुपालीच्या शेजारी येऊन थांबली. आतल्या खोलीच्या पडद्याआड अश्विनीचा श्वास ऐकू येत होता.

तेवढ्यात महेंद्रची सायकल आली. तो घामानं निथळत होता. त्यानं सायकल भिंतीला लावली आणि दारात, अंगदच्या आणि रुपालीच्या मध्ये, उभा राहिला. अंगदची नजर त्याच्या हाताकडं गेली. कोपरात वाकडा राहिलेला हात. अंगदनं नजर काढून घेतली.

"आई बोलत न्हाई माझ्यासंगं," तो भलतंच बोलला. "टीव्ही बंद केला त्या दिसापासनं." मग आवाज चढवून, पिकअपमधल्या माणसाला ऐकू जाईल असा, म्हणाला, "मी परत येईन! सोडनार न्हाई!"

पिकअप गेली. रुपाली तिथंच जमिनीवर बसली. तिला उठता येईना तेव्हा सुभेदाराच्या बायकोनं स्वतःच नळ सोडून आपलं डोकं धुतलं.

तो परत आला नाही. त्या 'परत येईन'मध्येच पुढचे महिने गेले. महेंद्रनं दाराला दुसरी कडी बसवली. अश्विनी नर्सिंगला जाऊ लागली, पण येताजाता महेंद्र सोबत असायचा. मालिका संपली, मुंबईची माणसं सामान बांधून गेली. फ्लेक्स उन्हानं पांढरे पडले, मग कुणीतरी ते गोठ्यावर टाकायला नेले. एकदा कारभारीदादांचा फोन आला. बायकोनं तो कार्यक्रम मोबाईलवर पुन्हा पुन्हा बघितल्याचं त्यांनी हसत सांगितलं. रुपाली म्हणाली, "छान झालं दादा." तिनं त्यांना कधीच काही सांगितलं नाही.

थंडी सरताना एका रविवारी दुपारी दारात सावली पडली. गिऱ्हाईक नव्हतं. अश्विनी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. रुपालीनं वर बघितलं आणि तिचा हात थेट मोबाईलवर गेला. अंगद होता. एकटा. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. डोकं तासलेलं होतं, मिशाही नव्हत्या.

तिचा हात मोबाईलवर तसाच राहिला.

"कधी?" तिनं विचारलं.

"आईचा तेरावा झाला परवा."

"तेरावा झाला?" ती उठली. "आन्ना, तेरावा झाल्यावर सांगतोस?"

"आधी सांगितलं असतं तर तू आली असतीस." तो तिच्याकडं न बघता बोलत होता. "समदी भावकी हुती. लोकांसमोर मला कायतरी करावं लागलं असतं. म्हनून समदं उरकून आलो."

तिला त्याची भीती वाटली, आजही. पण तो खरं बोलत होता हेही तिला कळलं. तो कधी नव्हे ते खरं बोलायला एवढ्या लांब आला होता.

"त्रास झाला का तिला?"

"न्हाई. झोपेत गेली." तो टोपी हातात फिरवत राहिला. "अश्विनीनं तिला सांगून ठिवलं हुतं, सिरियल संपल्यावर नावं पळत्यात त्यात आत्याचं असतंय म्हनून. रोज ती नावं बघत बसायची. वाचता येत न्हवतं. सिरियल बंद झाली तरी लावायची टीव्ही. कुनाचीबी नावं बघायची."

आतून अश्विनी पडदा धरून उभी राहिली होती. अंगदनं तिला बघितलं. "बरी हायेस का?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. त्यानं टोपी घातली आणि तो पायरी उतरला. जाताना म्हणाला, "घराकडं येऊ नका. दोघीबी. अजून न्हाई."

तो वळणाआड जाईपर्यंत रुपाली बघत राहिली. मग तिनं शटर ओढलं, कड्या लावल्या आणि ती अश्विनीला घेऊन घरी गेली.

महेंद्रनं तिचा चेहरा बघितला. त्याला सांगावं लागलं नाही. माणूस गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घ्यायची तिच्या माहेरची रीत, त्याच्या घरातली नव्हे. पण त्यानंच बादली नळाखाली ठेवली, आणि सरळ हातानं ती उचलून न्हाणीत नेली. रुपाली साडीनिशी पाटावर बसली, अंबाडा सोडला. अश्विनीनं तांब्या भरला, थोडा वेळ हातात धरला आणि आत्याच्या डोक्यावर ओतला.